एकाच युनिव्हर्सिटीत दोन-दोन ‘ती’ : जीआरईचा स्कोअर पाठवण्याचं एक प्रकरण

१८ डिसेंबर २०२४, बुधवार, रात्री साडेदहाला, अमेरिकेत एमएससाठी अर्ज केलेल्या मामेबहिणीचा सांगलीहून फोन. आवाज रडवेला. “दादा, डेडलाइन होऊन तीन दिवस झाले आणि पोर्टलवर जीआरईपुढं अजून अवेटिंगच आहे.” मागून मामी म्हणत होती, आधी जेवून घे म्हणावं. मी स्क्रीनशॉट मागितला. मार्कशीटला हिरवी टिक, तिन्ही शिफारसपत्रांना हिरवी टिक, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेला टिक, आणि जीआरईपुढं, म्हणजे तिकडच्या मास्टर्सच्या प्रवेशासाठी द्यायच्या परीक्षेपुढं, पिवळं उद्गारचिन्ह. दुसरा स्क्रीनशॉट ईटीएसच्या, म्हणजे जीआरई घेणाऱ्या संस्थेच्या, अकाउंटचा, त्यात त्याच युनिव्हर्सिटीच्या नावापुढं स्कोअर पाठवल्याची तारीख स्वच्छ दिसत होती, जवळजवळ महिन्यापूर्वीची. म्हणजे पाठवणारे म्हणतायत पाठवला, घेणारे म्हणतायत आला नाही, आणि मधे आमची पोरगी.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय कारण एमएसला जाणारी मुलं जीआरईतल्या व्हर्बल-क्वांटसाठी (इंग्रजी आणि गणित) सहा-सहा महिने घासतात आणि स्कोअर पाठवणं म्हणजे शेवटचं एक बटण समजतात. तिनंही तेच समजलं होतं, आणि मी स्वतः यातून गेलेलो असूनही तिला वेळेवर काही सांगितलं नाही, हेही कबूल करून टाकतो.

यात आपल्याकडच्या सवयीचाही भाग आहे. एमएचटी-सीईटी घेतो सीईटी सेल आणि प्रवेशाचे कॅप राउंडही चालवतो सीईटी सेलच, त्यामुळं आपले मार्क कुणाला ‘पाठवायचे’ असतात हेच डोक्यात नसतं. जेईईचं तसंच, रँक असली की काउन्सेलिंगच्या पोर्टलवर ती आपोआप दिसते. अमेरिकेत परीक्षा घेणारी संस्था वेगळी, प्रवेश देणारी युनिव्हर्सिटी वेगळी, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, आणि मधली पोस्टमनकी करायला लावणार तुम्हाला, वर टपालखर्चही तुमचाच.

आता पहिल्यापासून सांगतो. बहीण बीई कंप्युटर, २०२५ च्या फॉल सेमिस्टरला जायचं ठरलं, क्लासमधल्या काउन्सेलरबरोबर बसून सात युनिव्हर्सिट्यांची यादी केली. पहिली जीआरई दिली २४ ऑगस्टला, स्कोअर ३०३. हल्लीची जीआरई छोटी आहे, सप्टेंबर २०२३ पासून एक तास ५८ मिनिटांची केलीये, व्हर्बल आणि क्वांट दोन्ही १३० ते १७० मधे, आणि परीक्षा संपली की तिथल्या तिथं स्क्रीनवर या दोन्हींचे कच्चे आकडे दिसतात. रायटिंगचे मार्क नंतर, आठ-दहा दिवसांनी ऑफिशियल स्कोअर येतो त्याच्यासोबत. हे आकडे दिसल्यावर चार युनिव्हर्सिट्यांना फुकटात स्कोअर पाठवता येतो, पण ती संधी त्याच दिवशी, त्याच खुर्चीत. उठलात की गेली. ३०३ बघून तिनं कुणालाच पाठवला नाही, जे बरोबरच होतं, कारण २१ दिवसांनी पुन्हा देता येते आणि वर्षभरात पाच वेळा देता येते.

दुसऱ्यांदा दिली ९ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पुढच्याच शनिवारी. लक्ष्मीपूजन, भाऊबीज सगळं पुण्यात माझ्याकडे मॉक सोडवत गेलं, मामीनं फराळाचा डबा एसटीनं पाठवला तो मीच संपवला. स्कोअर आला ३१७, क्वांट १६५, व्हर्बल १५२. ती खूश, मी खूश. आणि गंमत म्हणजे गडबड झाली ती नेमकी त्या खुशीच्या पाच मिनिटांत.

तिनं युनिव्हर्सिट्यांचे कोड एका कागदावर लिहून घेतले होते. चार आकडी कोड असतात, प्रत्येक युनिव्हर्सिटीचा वेगळा. पण सेंटरमधे आत काहीच नेता येत नाही, कागद बॅगेत, बॅग लॉकरमधे. समोर स्क्रीनवर राज्य निवडा, मग त्या राज्यातली ही लांबलचक यादी. दोन तास डोकं पिळून झालेलं, आनंदानं हात थरथरतायत, आणि यादीत एकाच नावाच्या चार-पाच ओळी, फक्त शेवटी शहर वेगळं. उदाहरणच बघा, युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सस म्हटलं की ऑस्टिन ६८८२, डॅलस ४८९७, आर्लिंग्टन ४०१३, तिन्ही वेगळ्या युनिव्हर्सिट्या, तिन्ही वेगळे प्रवेश. मायामीचं तर त्याहून अवघड, युनिव्हर्सिटी ऑफ मायामी फ्लोरिडात आणि मायामी युनिव्हर्सिटी ओहायोत! इंडियाना नावाची एक युनिव्हर्सिटी चक्क पेनसिल्व्हेनियात आहे. घरी सोफ्यावर बसून हे वाचताना हसू येतं, तिथं येत नाही.

तर तिनं चार निवडल्या. त्यातली एक चुकली, हव्या त्या कॅम्पसऐवजी त्याच नावाच्या दुसऱ्या शहरातल्या कॅम्पसला स्कोअर गेला. हे तिला कळलं दहा दिवसांनी, ऑफिशियल स्कोअर आल्यावर यादी बघताना. एक गोष्ट मात्र तिनं छान केली, स्क्रीनवर ‘फक्त ताजा स्कोअर’ की ‘सगळे स्कोअर’ असं विचारतात तिथं फक्त ताजा निवडला. त्यामुळं ऑगस्टचे ३०३ कुणाला गेलेच नाहीत, आणि आधी एकदा परीक्षा दिलीये हेसुद्धा त्या रिपोर्टवर दिसत नाही. नंतर पैसे भरून पाठवताना तर तिसरा पर्यायही मिळतो, पाच वर्षांतल्या कुठल्याही तारखेचा स्कोअर निवडून पाठवायचा. फक्त एका तारखेचं व्हर्बल आणि दुसऱ्या तारखेचं क्वांट असं जोडकाम होत नाही, जी तारीख पाठवाल ती अख्खी जाते.

आता त्या उरलेल्या तीन निवडी. मी नंतर तिच्यासोबत बसून सातही प्रोग्रामची पानं एकेक करून वाचली, आणि वाचून कपाळावर हात मारला. सातातल्या दोन ठिकाणी त्या प्रोग्रामला जीआरई बघतच नव्हते, पाठवलं काय नाही काय सारखंच. आणखी दोन ठिकाणी फॉर्ममधे स्वतः स्कोअर भरा आणि पीडीएफ जोडा, ईटीएसकडून थेट जाणारा ऑफिशियल रिपोर्ट प्रवेश मिळाल्यावर द्या असं लिहिलेलं. म्हणजे ऑफिशियल रिपोर्ट डेडलाइनच्या आत हवा असणाऱ्या फक्त तीन. आणि फुकट किती? चार. सगळं फुकटात होऊन एक शिल्लक राहिली असती! तिच्या चार निवडींत एक जीआरई न बघणारी, एक पीडीएफवर भागणारी, एक चुकीचा कॅम्पस, आणि फक्त एक खरोखर लागणारी. बाकी दोघींना पैसे भरून पाठवणं आलं, तेव्हा दर रिपोर्टला ३५ डॉलर होते, म्हणजे दोनाचे ७०, रुपयांत सहा हजाराच्या आसपास.

आणि एक लक्षात घ्या, हे युनिव्हर्सिटीप्रमाणे नाही तर प्रोग्रामप्रमाणे बदलतं. एकाच युनिव्हर्सिटीत कंप्युटर सायन्सला जीआरई लागते आणि शेजारच्या डेटा सायन्सला लागत नाही, असं सर्रास असतं. क्लासनं दिलेल्या एक्सेल शीटमधे ‘जीआरई : हो / नाही’ असा एकच कॉलम होता. तिथं पाठवायची का, कधी पाठवायची, ऑफिशियल की साधी, हे तीन प्रश्न एका हो-नाहीत कोंबले होते. क्लासला नावं ठेवत नाही, शीट जुनी असेल, पण अर्ज करणाऱ्यानं प्रोग्रामचं पान स्वतः वाचायला पाहिजे, आणि त्याच वर्षीचं.

ते सहा हजार भरण्याचा किस्सा वेगळाच. रात्री अकरा वाजता पेमेंट फेल, पुन्हा फेल, तिसऱ्यांदा फेल. मामाला वाटलं कार्ड हॅक झालं, तो बँकेला फोन करायला निघाला. साधी गोष्ट होती. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानं कार्डावर परदेशातले व्यवहार मुळात बंदच असतात, आपण ॲपमधे जाऊन चालू करायचे असतात. मामाच्या डेबिट कार्डावर ते कधीच चालू केले नव्हते, करणार कशाला, सांगलीत त्याला डॉलर कुठं लागतात. शेवटी माझ्या क्रेडिट कार्डावर भरले. अर्जाच्या फीसाठी तरी हे आधीच कळायला हवं होतं, पण तोवर फिया क्लासमार्फत भरल्या जात होत्या.

बरं, हे सगळं नोव्हेंबरातच निस्तरलं होतं. १८ डिसेंबरचं संकट वेगळंच, आणि ते आलं त्या एकमेव बरोबर निवडलेल्या, फुकटात पाठवलेल्या युनिव्हर्सिटीकडून. ईटीएसकडून १९ नोव्हेंबरलाच गेलेला स्कोअर, कोड बरोबर, कॅम्पस बरोबर. मग अडलं कुठं?

माझा पहिला अंदाज होता की गर्दी असेल. थँक्सगिव्हिंग २८ नोव्हेंबरला झाला, त्या आठवड्यात तिकडं कुणी नीट कामावर नसतं, मग एकदम डिसेंबरच्या डेडलाइनींचा ढीग. पण महिना फार झाला. शिवाय थांबून बघू म्हणायलाही जागा नव्हती, नाताळ ते नवीन वर्ष ही ऑफिसं बंद असतात, म्हणजे हातात कामाचे चारच दिवस.

धागा सापडला तो तिच्या जुन्या ईमेलमधे. ईटीएसचं अकाउंट वर्षभरापूर्वी क्लासमधे बसून उघडलेलं, तेव्हाचा कॉलेजचा ईमेल दिलेला. अर्ज मात्र नवीन, ‘प्रोफेशनल’ ईमेलवरून केलेले. कॉलेजचा इनबॉक्स ती उघडतच नव्हती. मी म्हटलं उघड. त्यात नोव्हेंबरच्या शेवटी आलेला मेल, त्याच युनिव्हर्सिटीचा : आमच्यात रस दाखवल्याबद्दल धन्यवाद, आता तुमचा अर्ज सुरू करा! तिनं तो तेव्हाच फोनवर नोटिफिकेशनमधे बघून जाहिरात समजून सोडून दिला होता. अगं पण तू अर्ज केलायस ना तिथं, मग ते अर्ज सुरू करा कुणाला म्हणतायत?

तर होतं काय, स्कोअर तिकडं कागदावर जात नाही, इलेक्ट्रॉनिक फाइल जाते. युनिव्हर्सिटीच्या सॉफ्टवेअरमधे ती फाइल येते आणि सॉफ्टवेअर बघतं की या नावाचा, या जन्मतारखेचा, या ईमेलचा कुणी अर्जदार आपल्याकडे आहे का. जुळला तर स्कोअर त्याच्या फाइलला चिकटतो. नाही जुळला तर बऱ्याचदा नवीनच माणूस म्हणून नोंद होते आणि त्या नवीन माणसाला ‘अर्ज करा’ अशी मेल जायला लागते. म्हणजे त्या युनिव्हर्सिटीत आमची बहीण दोन होत्या. एकीचा अर्ज होता पण जीआरई नव्हती, दुसरीकडे जीआरई होती पण अर्ज नव्हता.

का नाही जुळल्या? ईमेल वेगळा, ते कळलं. नावातही फरक होता. पासपोर्टवर आडनावाच्या रकान्यात आडनाव आणि ‘गिव्हन नेम’मधे तिचं नाव आणि वडिलांचं नाव एकत्र, आपल्या बहुतेकांचं असंच असतं. जीआरईला पासपोर्टप्रमाणेच नाव लागतं म्हणून तिथं तसं. अर्जात मात्र तिनं मधलं नाव गाळून नुसतं नाव आणि आडनाव टाकलेलं. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव पुढं, पासपोर्टवर मागं, अर्जात मधलं गायब, मराठी माणसाचं नाव परदेशी सॉफ्टवेअरपुढं गेलं की त्याचे तीन माणसं व्हायला वेळ लागत नाही. तरी नुसत्या मधल्या नावानं सहसा इतकं अडत नाही, जन्मतारीख बरोबर असली तर निभावतं.

म्हणून मी म्हटलं, अर्जाची पीडीएफ काढ आणि जन्मतारीख वाच. ती म्हणाली, “दादा, जन्मतारीख कोण चुकेल का?” वाचली. ०४/०७. तिचा वाढदिवस ४ जुलै. आपण तारीख आधी लिहितो, महिना नंतर, तिनं तसंच टाइप केलं. अमेरिकेत महिना आधी. तर त्या फॉर्मच्या लेखी ती जन्मली ७ एप्रिलला. बाकी सहा फॉर्ममधे महिना ड्रॉपडाउनमधून निवडायचा होता, तिथं ‘जुलै’ असा शब्दच निवडल्यामुळं चूक होणं शक्य नव्हतं. या एकाच ठिकाणी आकडे टाइप करायचे होते. वाढदिवस १४ जुलैचा असता तर फॉर्मनंच हाकललं असतं, कारण चौदावा महिना नसतो. तिचा ४ चा, दोन्हीकडून खरा वाटणारा. आणि अमेरिकेत ४ जुलै म्हणजे स्वातंत्र्यदिन, सगळ्या देशाला पाठ असलेली तारीख, नेमकी तीच चुकली, याला काय म्हणायचं!

आयईएलटीएसला मग टिक कशी? कारण तिथं तिनं रिपोर्ट फॉर्म अपलोड केला होता आणि त्या फॉर्मवरच्या नंबरवरून युनिव्हर्सिटीवाले स्वतः ऑनलाइन तपासतात. माणसानं तपासलं, सॉफ्टवेअरनं जुळवलं नाही, म्हणून चाललं.

आता दुरुस्ती. अर्ज एकदा सबमिट झाल्यावर जन्मतारीख आपल्याला बदलता येत नव्हती. फोन लावायचा विचार होता पण तिची इंग्रजीतून फोनवर भांडायची तयारी नव्हती, माझीही फारशी नाही. मेल लिहिला. पहिला मसुदा तिनं लिहिला तो दीड पानाचा, त्यात आपण किती मेहनत केली आणि ही युनिव्हर्सिटी कसं लहानपणापासूनचं स्वप्न आहे वगैरे. तो सगळा काढला. उरलं ते असं : विषयाच्या ओळीत अर्जाचा नंबर आणि ‘जीआरई स्कोअर जुळत नाही, अर्जातली जन्मतारीख चुकली’. खाली पाच ओळी, पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव, जन्मतारीख ‘४ जुलै’ अशी अक्षरात महिना घालून, परीक्षेची तारीख, ईटीएसचा रजिस्ट्रेशन नंबर, आणि ईटीएसला दिलेला जुना ईमेल. सोबत पासपोर्टचं पहिलं पान आणि स्कोअरची पीडीएफ. त्या कॉलेजच्या ईमेलवर आलेल्या ‘अर्ज सुरू करा’ मेलचाही उल्लेख केला, की तुमच्याकडे माझ्या दोन नोंदी झाल्या असाव्यात, एकत्र कराल का. माझ्या मते ही ओळ सगळ्यात कामाची ठरली, कारण समोरच्याला शोधायचं काय तेच कळलं.

आमची १९ ची सकाळ म्हणजे त्यांची १८ ची रात्र, साडेदहा तासांचा फरक, म्हणजे त्यांच्या सकाळी पहिलीच मेल हीच असावी असा हिशेब करून पाठवली. उत्तर आलं २० तारखेला आपल्या मध्यरात्री, दोन ओळी, नोंदी एकत्र केल्या, जन्मतारीख दुरुस्त केली, पोर्टलवर दिसायला एक दिवस लागेल. डेडलाइनचं काय, तर अर्ज वेळेत होता आणि स्कोअरही त्यांच्याकडे वेळेत आलेला होता, त्यामुळं उशीर धरला नाही. २१ ला सकाळी मामीचा फोन, “हिरवं झालं रे!” जणू पीकच आलंय.

मागून एक गोष्ट लक्षात आली आणि अंगावर काटा आला. जीआरई अडली म्हणून जन्मतारीख सापडली. जीआरई न बघणारा प्रोग्राम असता तर ती ७ एप्रिल तशीच पुढं गेली असती, प्रवेश मिळाला असता, आणि आय-२० वर, म्हणजे व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते त्या कागदावर, छापून आली असती. आय-२० आणि पासपोर्टची जन्मतारीख वेगळी, आणि हे घेऊन व्हिसाच्या रांगेत उभं राहायचं. त्यापुढं हे डिसेंबरचं रडणं स्वस्तात पडलं.

बारावीनंतर मुलं पाठवणाऱ्या आईबाबांसाठी जाता जाता, सॅटचं, म्हणजे तिकडच्या पदवीच्या प्रवेशासाठीच्या परीक्षेचं, वेळापत्रक वेगळं आहे. तिथंही चार फुकट आहेत पण परीक्षेनंतर नऊ दिवसांपर्यंत निवडता येतात, म्हणजे घरी येऊन, कागद समोर ठेवून, शांतपणे. फक्त स्कोअर कळायच्या आधीच ठरवावं लागतं. शिवाय बरीच कॉलेजं अर्जात स्वतः भरलेला स्कोअर धरतात आणि ऑफिशियल नंतर मागतात. मात्र २०२० नंतर ‘सॅट ऐच्छिक’ झाल्याचं जे सगळ्यांच्या डोक्यात बसलंय ते आता सरसकट खरं नाही, एमआयटीनं २०२२ मधे, हार्वर्ड, ब्राउन, डार्टमथ यांनी २०२४ मधे पुन्हा सक्ती आणल्याचं जाहीर केलं, आणि दुसरीकडे कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीच्या बर्कलीसकट सगळ्या कॅम्पसमधे प्रवेशासाठी सॅट बघतच नाहीत, पाठवलात तरी.

बहिणीला त्या हिरव्या टिकवाल्या युनिव्हर्सिटीनं मार्चमधे नकार कळवला. जीआरईमुळं नाही, प्रोग्रामच अवघड होता, ती ‘अॅम्बिशस’, म्हणजे मिळाली तर मिळाली, अशांतच धरली होती. प्रवेश मिळाला दुसऱ्या दोन ठिकाणी, त्यातली एक पीडीएफवर भागणारी, तिथंच गेली. जायच्या आधी तिथं ऑफिशियल रिपोर्ट पाठवायचा होता, तो यावेळी मामाच्या कार्डावर पहिल्या फटक्यात गेला.

आणि तो चुकून स्कोअर गेलेला कॅम्पस? त्यांच्या लेखी आमची बहीण म्हणजे ३१७ वाली उमेदवार, जिनं अजून अर्ज केलेला नाही. कॉलेजच्या त्या जुन्या ईमेलवर त्यांचे मेल जुलैपर्यंत येत होते, आधी अर्ज करा, मग आमच्या विद्यार्थ्यांशी ऑनलाइन बोला, मग अर्जाची फी माफ करतो. मामानं ते सगळे वाचलेत. परवाच मला विचारत होता, “एवढ्या आग्रहानं बोलावत होते, तर तिथंच का नाही गेली ती?”